पिवळा ठसा आणि पन्नास रुपये

प्रति,
संपादकसाहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत एका लेखकमहाशयांनी लिहिलंय की टीव्हीवरच्या डिटेक्टिव्ह मालिकांवरून ज्या कादंबऱ्या काढतात ती सगळी उष्टी पत्रावळ, मालिका बघून झाल्यावर परत तेच वाचायचं कशाला. वाचलं आणि चहा तसाच गार झाला बघा. मी काही साहित्यिक नाही, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी आहे, ३१ वर्षं झाली. पण ही असली पुस्तकं मी लॉकडाऊनपासून वाचतोय आणि लिहिणाऱ्यानं त्यातलं एक तरी शेवटपर्यंत वाचलंय का अशी मला दाट शंका आहे, म्हणून हे पत्र. लांबलं तर खुशाल कापा, फक्त शेवटी हळदीच्या पेवाचा भाग आहे तो कापू नका.

तर लॉकडाऊनला यार्ड बंद, सौदे बंद, मुलगी पुण्याहून लॅपटॉप घेऊन घरी येऊन बसलेली, तिनं एका रात्री 'मंक' नावाची अमेरिकन मालिका लावली. सॅन फ्रान्सिस्कोचा एक माजी पोलीस डिटेक्टिव्ह, बायको ट्रुडी गाडीतल्या बॉम्बनं मेली आणि तेव्हापासून हा माणूस कोलमडलेला, जंतूंची भीती, उंचीची भीती, दुधाचीसुद्धा भीती, कुणाशी हात मिळवला की लगेच वाइप पाहिजे, भिंतीवरचं चित्र वाकडं दिसलं की खून राहिला बाजूला आधी ते सरळ करणार. २००२ ते २००९, आठ सीझन, १२५ भाग. मंक झालेल्या टोनी शलूबनं त्या कामासाठी तीनदा एमी अवॉर्ड घेतलंय. आम्ही बापलेकीनं सगळं संपवलं, बायको मधेमधे येऊन म्हणायची हा तुमच्या थोरल्या काकांसारखा आहे आणि ते खरंच होतं.

मालिका संपली आणि घरात सुतक आल्यासारखं झालं. मग मुलीनं सांगितलं की पप्पा, ह्याच्यावर पुस्तकं पण आहेत. ली गोल्डबर्ग नावाच्या लेखकानं २००६ पासून पंधरा लिहिली, त्यानंतर मालिकेच्याच लेखकांपैकी हाय कॉनरॅड म्हणून एक, त्यानं चार. माझं इंग्रजी बारावीचं, ते पण बाजारात झिजलेलं, पण म्हणलं बघू. पहिल्या पुस्तकाला दीड महिना लागला, शेजारी डिक्शनरी आणि पेन्सिल.

आणि इथंच तुमच्या लेखकाचं चुकतं. मालिकेतलंच परत वाचायचं असं काही नसतंच, गोष्टी नव्या असतात. पहिल्या पुस्तकात फायर स्टेशनवरचा कुत्रा कुणीतरी मारलाय आणि मंकच्या असिस्टंटची, नॅटलीची लहान मुलगी म्हणते खुनी शोधून द्या, आणि त्याच रात्री जवळच एक बाई आगीत मेलेली असते. उलट त्याच पुस्तकावरून मग मालिकेचा एक भाग निघाला, लिहिणाऱ्यात हाच लेखक. आता सांगा कुणाचं उष्टं कुणी खाल्लं?

पण मला पुस्तकं धरून ठेवली ती वेगळ्याच गोष्टीनं. सगळी गोष्ट नॅटली सांगते. टीव्हीवर ती बाजूला उभी असते, वाइप देते, गाडी चालवते, आपण बघतो मंककडं. पुस्तकात आपण तिच्या डोक्यात बसलेले असतो. विधवा बाई, पोरगी शाळेत, मालक हुशार पण चिक्कू, तिच्या पदरचा खर्च परत मागितला की ह्याच्या पोटात गोळा, आणि तो तिथं प्रेताशेजारी हात पसरून फिरत असताना ही मनातल्या मनात महिन्याचा हिशेब करतीय. साहेब, मी वाचताना थांबलो आणि गल्ल्यावर बसलेल्या आमच्या शेठकडं बघितलं. हे माझंच की!

आमचे शेठ म्हणजे काय सांगू. पोत्यातनं एक हळकुंड काढतात, कानाजवळ धरून मोडतात, कट् आवाज कसा आला आणि आतला रंग किती केशरी ह्यावरनं सांगतात की माल कुठल्या पट्ट्यातला, किती वाळलाय, आणि शेतकरी खरं बोलतोय का. तीस वर्षांत फार तर चार-पाच वेळा चुकले असतील. सौद्याला सगळे त्यांच्या तोंडाकडं बघतात, आणि मागं वही धरून उभा राहिलेला मी, ज्याला माहितीय की काल ह्याच माणसानं चहाच्या बिलावरून अर्धा तास घातलाय, तो कुणाला दिसत नाही. टीव्हीचा कॅमेरा शेठवर राहणार, पुस्तक माझ्याबाजूनं लिहिता येतं. एवढा साधा फरक आहे, बाकी तुम्ही त्याला साहित्य म्हणा नाहीतर म्हणू नका.

दुसरं म्हणजे चेहरा आधीच माहीत असतो. लोक म्हणतात ह्यानं कल्पनाशक्ती मरते. मला उलटा अनुभव आला. लेखकाला नाक-डोळे सांगत बसावं लागत नाही, आवाज आपल्या कानात तयार असतो, एक साधं वाक्य टाकलं की आपल्याला त्याचा खांदा कसा वाकडा होतो तेसुद्धा दिसतं, मग तो सरळ कामाला लागतो. त्या बंगाली डिटेक्टिव्ह व्योमकेश बक्षीचं काय झालंय आपलं? ती तर आधी पुस्तकं, शरदिंदु बंद्योपाध्यायांची, मालिका १९९३ ला दूरदर्शनवर आली, पण आज मराठी अनुवाद वाचायला घेतला तरी धोतर नेसून समोर येतो तो रजित कपूरच. (हे शरदिंदुबाबू १९५२ पासून पुण्यात राहत होते हे किती पुणेकरांना माहितीय देव जाणे, नाहीतर एव्हाना पाटी लागली असती.)

सगळी पुस्तकं भारी आहेत असं मी म्हणणार नाही. प्रत्येक पुस्तकात मंक कोण, त्याला काय काय झालंय हे पहिल्यापासून सांगत बसतात, पाचव्या पुस्तकापर्यंत मला ती पानं पाठ झाली. एकदोन वेळा खुनी मला शंभराव्या पानाच्या आतच कळला आणि पुढची दोनशे पानं मी मंकची वाट बघत बसलो. पण आमच्या वडिलांचे बाबूराव अर्नाळकर तरी काय वेगळे होते? हजारावर पुस्तकं लिहिली त्या माणसानं, झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू, सगळीच काय सोन्याची असणार. वडील गाडीतळावर टांगा लावून वाचायचे, घोडा कंटाळायचा पण वडील उठायचे नाहीत. त्यांच्याकडं एक पत्र्याची ट्रंकभर अर्नाळकर होते. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा गावभागातलं आमचं घर सात दिवस पाण्यात होतं, परत आल्यावर ट्रंक उघडली तर आत पुस्तकं नव्हतीच, एकच एक ठोकळा झालेला, फुगून ट्रंकेच्या आकाराचा. गच्चीवर उन्हात ठेवला, वाळल्यावर झुंजारचं एक पान सुटं निघालं, त्यात तो कुणाच्या तरी खिडकीतनं उडी मारत होता. ते पान मी ठेवलंय.

म्हणून नंतर विकत घ्यायचा धीर होईना, वाचनालयातनं आणायला लागलो. तिथंच ते पन्नास रुपयांचं झालं. कुणीतरी भेट दिलेल्या इंग्रजी पुस्तकांत मंकचं एक सापडलं, दुपारी सौदे संपल्यावर पेढीवरच वाचायचो, आणि परत द्यायला गेलो तर काउंटरवरच्या बाईंनी पुस्तक उघडून माझ्यासमोर धरलं. प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात पिवळा अंगठा. अगदी रेषांसकट. म्हणल्या पुस्तक खराब केलं, पन्नास रुपये. मी म्हणलं कशावरून मी? तर त्यांनी माझ्या हाताकडं नुसतं बघितलं. तीस वर्षं हळदीत काम केलेल्या माणसाचा हात लपत नाही हो, साबण, राख, लिंबू सगळं करून झालंय. वाईट वाटलं ते पैशाचं नाही, त्या पुढं म्हणल्या की ह्या वयात तरी काही चांगलं वाचा. मनात म्हणलं बाई, ज्याच्यावर हे पुस्तक आहे त्या मंकनं हे हातातसुद्धा धरलं नसतं, डबाभर वाइप्स मागवल्या असत्या, तुमचं बरोबर आहे. पैसे दिले, पावती घेतली.

आता माझं मुख्य म्हणणं. अमेरिकेत 'मर्डर, शी रोट' म्हणून मालिका होती, अँजेला लॅन्सबरी, १९८४ ते १९९६. तिच्यावरची पुस्तकं १९८९ ला सुरू झाली, मालिका बंद पडली तरी ती निघतच राहिली, पन्नासच्या वर गेली. कव्हरवर लेखक म्हणून डोनाल्ड बेनबरोबर खुद्द मालिकेतल्या नायिकेचं, जेसिका फ्लेचरचं नाव, म्हणजे जी बाई अस्तित्वातच नाही तिचं! लॅन्सबरीबाई २०२२ ला गेल्या, जेसिका अजून खून सोडवतीय. आणि आपल्याकडं? 'सीआयडी' १९९८ ते २०१८ चालली, दीड हजारावर भाग, पुढं २०२४ ला परत आली, एसीपी प्रद्युम्न म्हणजे आपलेच शिवाजी साटम, त्याच्या आधी 'एक शून्य शून्य', रमेश भाटकरांचं 'हॅलो इन्स्पेक्टर', करमचंद आणि त्याची गाजरं. इतकी ओळखीची तोंडं, घराघरात बोटं फिरवून 'कुछ तो गडबड है' म्हणणारी पोरं, आणि ह्यांच्यावर एक धड मराठी कादंबरी मी शोधून शोधून दमलो, मिळाली नाही.

टीव्हीला जमत नाही ते पुस्तकाला जमतं. टीव्हीवाल्यांना तासाभरात खून, लॅब, दरवाजा तोडणं, कबुली सगळं बसवायचं असतं आणि शूटिंग आपल्या सोयीच्या जागी करायचं असतं. पुस्तकवाल्याला युनिट हलवायचं नाही. त्यानं एसीपींना सरळ हरिपूरला आणावं.

तरुण पोरांना पेव माहीत नाही म्हणून सांगतो. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ हरिपूरची माती अशी की जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल खड्डे काढले तरी ढासळत नाहीत. तोंड लहान, पोट मोठं, रांजणासारखं. आतनं सारवायचं, पाला लावायचा, हळद भरायची, तोंड मातीनं बंद. हवा नाही म्हणून कीड नाही, वर्षानुवर्षं माल तसाच. पण हवा नाही म्हणूनच पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, काही तास उघडं ठेवायचं. वडील सांगायचे, आधी पेटता कंदील दोरीनं खाली सोडायचा, विझला तर माणूस उतरायचा नाही. २००५ च्या पुरात पाणी पेवात शिरलं, माल कुजला आणि तो सगळा प्रकारच जवळजवळ संपला, आता गोडाऊन आणि कोल्ड स्टोरेज.

तर गोष्ट २००५ च्या आधीची घ्या. पेवात एक हमाल मरून पडलाय. सगळे म्हणतात गॅस, अपघात, हरिपूरला हे नवीन नाही. व्यापारी शपथेवर सांगतो की मी स्वतः कंदील सोडला होता, चांगला जळत होता, मगच माणूस उतरवला, ह्याच्या नशिबात होतं. एसीपी बोटं फिरवतात. अभिजीत इकडंतिकडं बघतो. दयाला तोडायला दरवाजाच नाही, पेवाला नुसतं तोंड. आणि मागं वही धरून उभा असलेला दिवाणजी, ज्याच्याकडं कुणी बघत नाही, तो कंदील उचलून बघतो. काच लख्ख. काजळीचा कण नाही. वात कोरी, कात्रीनं कापलेली तशीच.

गोष्ट त्या दिवाणजीनं सांगायची. पहिली पंधरा पानं माझी लिहून झालीत, वहीत, शेठ जेवायला गेले की लिहितो. कुणा प्रकाशकाला परवानग्यांचं बघायचं असेल तर बघावं, नाहीतर मी एसीपींच्या जागी आमच्या शेठना घालीन, त्यांना पण बोटं फिरवायची सवय आहे.

आणि त्या लेखकमहाशयांना पुस्तक पाहिजे असेल तर माझ्याकडं मंकची चार आहेत, रद्दीवाल्याकडनं घेतलेली, वाचायला देईन. पिवळी झाली आहेत. पावतीवर पण ठसा उमटलाय.

आपला,
एक हळदीवाला वाचक
गावभाग, सांगली