दादाच्या फवारणीबद्दल, केंब्रिजहून

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

दादाचा निरोप मिळाला. विहिरीलगतच्या हापूस आंब्याच्या कलमांवर त्याने नवं औषध मारलं, वर कातळावरची तशीच ठेवली आणि खालच्या कलमांनी दुप्पट पेट्या दिल्या. तर पुढच्या मोहोराला सगळ्या बागेवर तेच मारायचं का, असं त्याने विचारलंय. "तुझं तर कामच हे," असंही म्हणाला. प्रयोगांचे आकडे पारखणं हेच माझं काम आहे खरं, म्हणून फोनवर घाईत न सांगता लिहून पाठवतेय. त्याला वाचून दाखवा.

एवढ्यावरून औषधाचा गुण ठरवता येणार नाही. विहिरीलगतची कलमं औषधाशिवायही जास्त धरतात, हे तुम्हीच आम्हाला सांगत आलात. तिथे माती खोल आहे, पाणी हाताशी आहे आणि पश्चिमेचा गडगा उंच असल्याने मोहोराला खारा वारा कमी लागतो. औषध आणि विहीर एकाच बाजूला पडली. मग पेट्या कितीही नीट मोजा, कोणाचा वाटा किती ते त्यातून निघत नाही.

माझ्यापुढे नुकतंच असंच प्रकरण आलं होतं. आजारी आणि निरोगी माणसांच्या रक्तात कोणती जनुकं जास्त चालू आहेत, याची तुलना होती. सारखे नमुने जवळ येतील असा प्रत्येक नमुन्याचा एक ठिपका काढला, तर ठिपक्यांचे दोन स्वच्छ पुंजके पडले. सगळे खूश झाले. मी प्रयोगशाळेच्या नोंदवहीतल्या तारखा मागवल्या. एक पुंजका सोमवारचा निघाला, दुसरा गुरुवारचा! आजारी नमुने जवळजवळ सगळे सोमवारी तपासलेले, निरोगी गुरुवारी. मधे रसायनाची बाटली बदललेली, तपासणाराही वेगळा. दिवस आणि आजार असे एकमेकांत गुंतले की ते सोडवणारं गणित कोणाकडेच नाही. नमुने शिल्लक होते म्हणून बरं. आता दोन्ही गट मिसळून पुन्हा तपासायला घेतलेत.

माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे २०,००० आहेत. एकेक तपासताना विसात एकदा चुकलं तरी चालेल असं धरलं, तर आजाराशी काडीचा संबंध नसताना हजारभर जनुकं योगायोगानेच 'सापडतात'. म्हणून संपूर्ण जनुकसंचातले माणसामाणसांतले बारीक फरक धुंडाळताना अट आणखी कडक ठेवतात: साधारण दहा लाख स्वतंत्र तपासण्या धरून, योगायोगाची शक्यता दोन कोटींत एकाहून कमी हवी. दादालाही हे लागू आहे. पेट्या, फळाचं वजन, साका (गर आतून पांढरट, आंबूस होणं), तोडीची तारीख, वाशीचा भाव असं सगळं तो बघत बसला तर कुठे ना कुठे औषध सरस दिसणारच. काय मोजायचं ते फवारणीच्या आधी ठरवा. मी म्हणेन, दर कलमामागे पेट्या. बाकीचं नुसतं लिहून ठेवा.

आणि मोजणारा कोण, हेही पाहायला हवं. आपल्या भाताच्या कुणग्यात पीक कापणी प्रयोग झाला होता ना, एक तुकडा कापून उत्पन्नाचा अंदाज काढायचा? कृषी सहायकाने नैऋत्य कोपऱ्यापासून पावलं टाकत जाऊन, चिठ्ठीत आलेल्या आकड्यावर खुंट्या ठोकून दोरी ताणली. चांगलं पीक पलीकडे होतं, पण त्याने जागा हलवली नाही, म्हणून तुम्ही थोडे रागावलात. त्या पद्धतीमागे साताऱ्याकडचे पां. वा. सुखात्मे आहेत. १९४० च्या दशकात त्यांनी दाखवून दिलं की कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून दिसतं, कारण दोरीवर आलेलं रोप मोजणाऱ्याचा हात नकळत आत ओढतो. तुकडा लहान तितकी त्याच्या मानाने कड जास्त, आणि तितकी ही चूक मोठी. हे घरात बसून सुचणारं नाही, त्याला बांधावर उभं राहावं लागतं. माझ्या इथल्या सहकाऱ्यांना मी हे मोठ्या अभिमानाने सांगते.

आता करायचं काय ते सांगते. सारख्या वयाच्या, सारख्या जमिनीतल्या कलमांच्या जोड्या लावा; काही विहिरीकडे, काही कातळावर. हापूस एक वर्षाआड धरतो, म्हणून यंदा भरलेलं कलम आणि यंदा रिकामं गेलेलं कलम एका जोडीत नको. प्रत्येक जोडीत औषध कोणाला, ते नाणं उडवून ठरवा. "हे जरा अशक्त दिसतंय, यालाच मारू," असं दादा म्हणेल. त्याला अजिबात ऐकू नका. शेतावरच्या प्रयोगात अशी सोडत काढण्याची रीत रोनाल्ड फिशरने इंग्लंडातच, रोथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रावर बसवली. तो १९१९ मध्ये तिथे रुजू झाला होता. जोडीतल्या दुसऱ्या कलमावर नुसतं पाणी फवारा. वारा पडलेला असताना सकाळी मारा आणि दोघांमधे एक कलम मोकळं सोडा, नाहीतर औषध शेजाऱ्यावर उडेल. खोडावर फक्त नंबर घाला. कोणत्या नंबराला काय मारलं ती यादी तुमच्या कपाटात राहू दे. आंबे उतरवणाऱ्या आणि पेट्या भरणाऱ्या गड्यांना ती कळायला नको.

मांगराशेजारचं रत्नाचं कलम यात धरू नका. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून काढलेली ती जात, १९८१ ची. तिच्यात साका होत नाही, त्यामुळे हापूसशी तिची तुलना नको.

चि. सोनूला एक गंमत सांगा. माणसाच्या एका जनुकाचं नाव 'मार्च १' होतं. एक्सेलमध्ये ते टाइप केलं की त्याची आपोआप तारीख व्हायची. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने अशा जनुकांची नावंच बदलली. तो पेट्यांची वही संगणकावर चढवणार असेल तर कलमांचे नंबर तारखेसारखे दिसणार नाहीत असे ठेवायला सांगा.

पावसाळ्यात सवड मिळाली की मागच्या दोन हंगामांच्या पेट्या कलमवार लिहून काढा. जोड्या लावायला त्या लागतील. आईकडून लिहून घ्या, तिचं अक्षर फोटोतही स्वच्छ येतं. जोड्या मी इथून लावून पाठवते, पण नाणं तुम्हीच उडवा.

आईला नमस्कार. तिच्या गुडघ्याचं काय ते खरं खरं कळवा.

तुमची,
बाय