25 अक्षरं आणि तुमचे दोन रविवार

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आभाराचा विषय काढला की तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणून दुसरंच बोलायला लागता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलं होतंत, ते पाळलं आहे.

आपली तर धड ओळखही नव्हती. मैत्रिणीने तुमचा नंबर दिला आणि मी फोनवर एका दमात सगळं सांगून टाकलं. बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली, नवी बसवून घेतली, पण विंडोज 7 टाकताना 'प्रॉडक्ट की', म्हणजे परवान्याचा 25 अक्षरी क्रमांक, चुकीची आहे असंच येत राहतं. त्याआधी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी एकच सल्ला दिला होता: नवा घ्या. "हाच कॉम्प्युटर का हवाय?" हे फक्त तुम्ही विचारलंत. बाबांचा निगेटिव्ह स्कॅनर त्याच्यावरच चालतो, त्याचा ड्रायव्हर (स्कॅनर चालवणारं सॉफ्टवेअर) विंडोजच्या 32 बिट प्रकारासाठीचा आहे आणि पुढच्या विंडोजसाठी तो निघालाच नाही, हे मी सांगितलं. आईचे तरुणपणीचे जवळजवळ सगळे फोटो निगेटिव्हमध्येच आहेत, हेही सांगितलं. तुम्ही म्हणालात, "मग हाच चालू करायचा."

त्या रविवारी तुम्ही मला बाबांचा खोका टेबलावर रिकामा करायला लावलात. तीन डिस्क निघाल्या आणि तीन कागद; चौथा क्रमांक कॅबिनेटवरच्या स्टिकरवर होता. चारही क्रमांक मला सारखेच वाटत होते, आणि मी चारही आळीपाळीने टाकून बघितले होते. एका कागदावर मधेच 'ओईएम' लिहिलेला लांबलचक क्रमांक होता. ती की नाहीच, तो इन्स्टॉल झाल्यावर दिसणारा प्रॉडक्ट आयडी आहे, हे तुम्ही ऐकताक्षणी सांगितलंत. दुसऱ्यावर पाचाचे पाच गट बरोबर होते, पण ती निघाली ऑफिसची की. ऑफिसची कीसुद्धा 25 अक्षरांचीच असते, हे मला कुठून ठाऊक असणार!

उरल्या दोन. एक कॅबिनेटच्या बाजूला चिकटवलेल्या, अर्धवट पुसलेल्या स्टिकरवरची, तिच्यावर 'होम प्रीमियम' असं विंडोजच्या आवृत्तीचं नाव लिहिलेलं. दुसरी बाबांनी कधीतरी की शोधणारं सॉफ्टवेअर चालवून छापून ठेवलेली. छापील की स्वच्छ वाचता येत होती, म्हणून माझा सगळा भरवसा तिच्यावर. इथे तुम्ही थांबलात आणि सावकाश समजावलंत. ताई, ती दहा मिनिटं माझ्या अजून लक्षात आहेत.

मोठ्या कंपन्या कारखान्यात विंडोज भरताना ढीगभर मशीनना एकच की वापरायच्या. ती की, बायॉसमधली (मदरबोर्डवरच्या, कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममधली) कंपनीची खूण आणि कंपनीच्या डिस्कवरचं प्रमाणपत्र, तिन्ही जुळले की विंडोज कुणाला न विचारता, म्हणजे परवाना इंटरनेटवरून किंवा फोनवरून न तपासता, अ‍ॅक्टिव्हेट व्हायचं. बाबांनी छापलेली की ती होती. कंपनीची डिस्क आमच्याकडे नव्हती, त्यामुळे ती की खरी असूनही आमच्या काही उपयोगाची नव्हती. खास या मशीनसाठी दिलेली की स्टिकरवरचीच. आणि ती मदरबोर्डशी बांधलेली असते, त्यामुळे हार्ड डिस्क बदलली म्हणून लायसन्स जात नाही. हे ऐकेपर्यंत, आपण बाबांची वस्तू वापरून काहीतरी गैर करतोय की काय, अशी टोचणी मला होती. एकाने क्रॅक, म्हणजे परवान्याशिवाय विंडोज चालू करणारं सॉफ्टवेअर, टाकून देतो म्हणून सांगितलंही होतं. त्यावर तुम्ही म्हणालात, "स्टिकर आहे म्हणजे पैसे भरलेले आहेत. हक्काचं सोडून चोरीचं कशाला?"

पुसलेली अक्षरं लावतानाही तुमचीच युक्ती कामी आली. विंडोज 7च्या कीमध्ये 0, 1, 5 हे आकडे येतच नाहीत आणि इंग्रजी स्वरही नाहीत. म्हणजे मी ज्याला शून्य म्हणत होते ते डी किंवा क्यू असणार. खरी शंका उरली बी की 8 एवढीच, आणि ती तुम्ही मला बाजूने टॉर्चचा उजेड पाडून बघायला लावलीत.

तरीही की लागेना, कारण आमची डिस्क 'प्रोफेशनल' या दुसऱ्या आवृत्तीची. मी तर तेव्हा रडकुंडीला आले होते. तुम्ही शांतपणे सांगितलंत की डिस्कमध्ये बाकीच्या आवृत्त्याही असतात, कोणती बसवायची ते 'सोर्सेस' फोल्डरमधली 'ईआय डॉट सीएफजी' नावाची एक चिमुकली फाइल ठरवते. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्या डिस्कचा, कॉम्प्युटर ज्याच्यावरून सुरू होऊ शकतो असा पेनड्राइव्ह करायचा आणि त्यातल्या त्या फाइलचं नाव बदलायचं. 32 आणि 64 बिटला एकच की चालते आणि आमची डिस्क 32 बिटचीच होती, त्यामुळे ती काळजीही मिटली. पुढच्या रविवारी पेनड्राइव्ह लावला आणि पडद्यावर आवृत्त्यांची यादी आली. त्यात 'होम प्रीमियम' दिसलं तेव्हा मी फोनवर ओरडलेच होते, माफ करा.

अ‍ॅक्टिव्हेशन इंटरनेटवरून झालं नाही, फोनवरून करावं लागलं. 54 आकडे द्यायचे आणि 48 आकडे लिहून घ्यायचे. किती कॉम्प्युटरवर हे विंडोज आहे, असं त्या आवाजाने विचारलं, तेव्हा "एक" म्हणताना मला फार बरं वाटलं. तुम्ही सगळा वेळ दुसऱ्या फोनवर थांबला होतात. काम झाल्यावर लगेच म्हणालात, "आता याचं इंटरनेट काढून टाका. 14 जानेवारी 2020 नंतर याला सुरक्षेचे अपडेट नाहीत. स्कॅन करा आणि पेनड्राइव्हने फोटो बाहेर काढा." तेच करते आहे.

तुम्हाला पेनड्राइव्ह तयार करून पाठवता आला असता, तासाभराचं काम. पण प्रत्येक पायरी तुम्ही माझ्या हातून करून घेतलीत आणि कारण सांगितल्याशिवाय एकही बटण दाबू दिलं नाहीत. मी तेच तेच तीनतीनदा विचारलं, तरी तुमचा आवाज एकदाही चढला नाही. याचे आभार कसे मानायचे ते मला खरंच कळत नाही.

आता प्रत्येक डिस्क तिच्या कीसह वेगळ्या पाकिटात आहे. पाकिटावर आवृत्ती, बिट आणि कुठल्या मशीनची ते लिहिलं आहे. स्टिकरचा फोटोही काढून ठेवला.

निगेटिव्हच्या अजून बऱ्याच पट्ट्या बाकी आहेत. बाबा रोज शेजारी बसतात आणि फोटो उमटला की तो कुठला ते सांगतात. परवाच्या पट्टीत आई सायकल धरून उभी आहे, लग्नाच्या आधीची. बाबांनी तो फोटो दोन प्रतींत छापायला सांगितला. दुसरी प्रत तुमच्यासाठी आहे, पत्ता कळवा.

तुमची ऋणी,
निगेटिव्हवाली मैत्रीण