काकू, तुमचे दोन गंज (पातेली) अजून आमच्याकडेच आहेत

काकू, फोनवर दोनदा आभार मानायला गेली तर तुम्ही "अवं त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलला, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहून राहिली, दादा वाचून दाखवेल तुम्हाला.

लग्नाच्या तारखेपासूनच किती ताण होता ते तुम्ही पाहिलंच. आमच्याकडे 5 मार्चला राखेचा बुधवार, तिथून ईस्टरपर्यंत लेंट म्हणजे उपवासाचा काळ, त्यात लग्न नको असं आईचं ठाम मत. ह्यांच्याकडे, म्हणजे बेने इस्राएल ज्यू घरात, 12 एप्रिलच्या संध्याकाळपासून वल्हांडण सण, पुढचे काही आठवडेही लग्न टाळतात, शनिवारी शब्बाथ, विश्रांतीचा दिवस, म्हणून कधीच नाही, आणि मेच्या उन्हात अलिबागच्या म्हाताऱ्या माणसांना नागपूरला बोलवायची हिंमत आमची नव्हती. मग 2 मार्चचा रविवार धरला. स्पेशल मॅरेज ॲक्टची 30 दिवसांची नोटीस आधीच देऊन झाली होती, कागदाचं काम सोपं निघालं, अडलं ते जेवणावर.

आमच्या मंडळींना लग्नात मटण नाही म्हणजे लग्नच वाटत नाही. सासूबाई म्हणाल्या कोशर, म्हणजे आमच्या धर्माच्या नियमाने कापलेलं मटण इथे कुठून आणू, आणि मटणाबरोबर दूध-तूप आम्हाला चालत नाही. आईला वाटलं आपल्या हातच्या जेवणाला नावं ठेवतात. दोघी आठ दिवस बोलल्या नाहीत, मी रात्री रडायची.

तेव्हा तुम्ही आलात आणि सासूबाईंना एवढंच विचारलं, "ताई, तुमच्यात काय चालत नाही ते एकदा नीट सांगा, मी लिहून घेते." काकू, बेने इस्राएल मराठीच बोलतात, दोन हजार वर्षांपासून कोकणात आहेत असं ते मानतात, 2016 मध्ये राज्याने ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जाही दिला, तरी इथे त्यांना जो तो विचारतो तुम्ही म्हणजे नेमके कोण. तुम्ही कोण ते न विचारता काय चालतं ते विचारलं. त्या अजून त्या वहीबद्दल बोलतात.

मग सगळं शाकाहारी ठरलं, गोळाभात, भरली वांगी, पुरणपोळी, वर तूप. आणि पाटोडीचा रस्सा तुम्ही असा झणझणीत केला की माझे मामा तीनदा वाढून घेऊन गेले. नवे कोरे गंज तुम्ही स्वतः इतवारीतून आणले, का तर घरच्या गंजात कधी मटण शिजलं असेल तर त्यांच्या मनात शंका नको.

पण मला खरं सांगायचंय ते शनिवारच्या संध्याकाळचं. आकाशात तारे दिसले, शब्बाथ संपला आणि मलिद्याची, म्हणजे त्यांच्या आशीर्वादाच्या गोड पोह्यांची तयारी सुरू झाली. आई म्हणे पोहे तर नाश्त्याला तर्रीसोबत खायचे, आशीर्वादाला काऊन? तुम्ही काहीच उत्तर दिलं नाही, आईच्या हातात नारळ आणि खोवणी दिली आणि सासूबाईंसमोर बसवलं. एक खोबरं खोवते, एक पोहे भिजवते, मधे गूळ-वेलचीचं ताट. सासूबाईंनी ज्याच्या नावाने मलिदा करतात त्या एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याचं सांगितलं, मग नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं, त्यातून वाचलेल्यांचे वंशज तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे, हेही सांगितलं. तुम्ही एकदम म्हणाल्या, "बाप्पा, माझ्या माहेरी पण घाणा होता, जवसाचा!" तिथून त्या दोघींच्यात तुम्ही आणि तुमच्यात त्या, रात्रीचे अकरा वाजले तरी कोणी उठेना. फळांच्या ताटात केळी, खजुराशेजारी आईने स्वतःहून मृग बहाराची संत्री ठेवली.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर पांढऱ्या कापडाखाली ह्यांच्या मोठ्या काकांनी मनुकांच्या सरबतावर आशीर्वाद म्हटला, आमच्या पाळकांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, त्यांच्या रीतीप्रमाणे ग्लास फोडला तेव्हा सगळ्यात मोठ्याने टाळ्या आईने वाजवल्या. तुम्ही तेव्हा खाली पुरण पाहत होत्या, म्हणून सांगून राहिली.

गंज रविवारी आणून देते. आईसोबत सासूबाईही येणार आहेत, त्यांना तुमच्याकडून जवसाची चटणी शिकायचीय.