विहीर आहे, पण आगीच्या वेळी?

महोदय,
घरची विहीर असली की पाण्याची चिंता मिटली, असे आपण धरून चालतो. रोजच्या वापरापुरते ते खरेही आहे. पण आग लागली की पहिल्यांदा वीज जाते किंवा तोडावी लागते आणि पंप तिथेच बंद पडतो. अग्निशमन बंबाचा पंपही पाणी वर ओढतो तो प्रत्यक्षात साधारण 7 ते 8 मीटरपर्यंतच. हवेचा दाब त्याहून फारशी साथ देत नाही. म्हणजे खोल विहीर तुडुंब नसेल तर बंब काठाशी उभा राहूनही उपयोग नाही.

म्हणून पाणी आधीच वर टाकीत साठवलेले हवे. त्यातही घरगुती वापराचा नळ तळापासून बराच वर आणि आगीसाठीचा तळाशी बसवावा, म्हणजे रोजचा वापर कितीही झाला तरी खालचा साठा हलत नाही. इतकी साधी गोष्ट बांधकामाच्या वेळी कुणी सुचवत नाही, याचे फार वाईट वाटते. विहिरीपर्यंत बंब पोहोचेल एवढी वाट मोकळी ठेवावी. आणि पिण्यासाठी तेच पाणी असेल तर वर्षातून एकदा तरी जिवाणूंची तपासणी करून घ्यावीच. नितळ दिसणारे पाणी शुद्ध असतेच असे नाही.

– एक वाचक