कुशीवर वळा, मग बसा

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

एक तारखेपासून रात्री दहा ते सकाळी सहा घरी एक मदतनीस राहील. ठरलंय, आगाऊ पैसेही दिलेत. आधी विचारलं नाही, कारण बाबा ‘नको’ म्हणाले असते आणि मी ऐकलं असतं. तो हॉलमध्ये झोपेल, हाक मारल्याशिवाय तुमच्या खोलीत येणार नाही. आई, तुझ्या स्वयंपाकघरात तर नाहीच नाही.

बाबा, त्या रात्री उठताना तुम्ही पडलात म्हणून हे, थकलात म्हणून नाही. कुणीही उभं राहिलं की अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटात नि पायांत उतरतं. मानेतल्या धमन्यांत आणि छातीतल्या महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारी नसांची टोकं असतात. ती मेंदूला कळवतात आणि काही सेकंदांत ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात. वयाने धमन्या कडक झाल्या की ही टोकं उशिरा जागी होतात, मधुमेहाने नसा मंदावतात. त्यात तुमची प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन रक्तवाहिन्या सैल करते. त्या रात्री चूक तुमची नव्हती. आई, चपलेचं आता पुन्हा काढू नकोस.

रक्तदाब मोजायचं काम तुझं. तीन दिवस, सकाळी चहाआधी आणि जेवणानंतर तासाने. जेवल्यावर रक्त आतड्यांकडे वळतं, तेव्हाही दाब उतरतो. लघवी करून बाबांनी पाच मिनिटं उताणं पडायचं, बोलायचं नाही. पट्टा उघड्या दंडावर. मग उभं राहून 1 आणि 3 मिनिटांनी पुन्हा. तेव्हा हात छातीच्या पातळीला टेकवून ठेव. लोंबता राहिला तर आकडा चढा येतो आणि खरी घसरण लपते. वरचा 20 किंवा खालचा 10 उतरला तर डॉक्टरांना कळवायचं. नाडीही लिही. दाब एवढा उतरून ठोके जेमतेम वाढले, तर नसांचा दोष असण्याची शक्यता जास्त. बाबांना ठोके कमी करणारी गोळी नाही, म्हणून हा आकडा भरवशाचा. डोळ्यांपुढे अंधारी आली तर मोजणं सोड, आधी त्यांना आडवं कर.

शाळेसाठी उठवताना बाबा म्हणायचे, ‘आधी उजव्या कुशीवर वळ, मग बस.’ आता तेच तुम्ही करा ना, बाबा. पडल्या पडल्या पावलं वीसदा वर-खाली करा, पोटऱ्या रक्त वर ढकलतात. पाय खाली सोडून दोन मिनिटं बसा, मग मदतनिसाला हाक मारा. लघवीही बसूनच. आंघोळीचं पाणी कोमट, कढत नको. बीपीची गोळी मनाने बंद करायची नाही. टॅम्सुलोसिनचं मी डॉक्टरांशी बोलते.

त्याच्यासाठी चादर माळ्यावरच्या ट्रंकेत आहे. आई, ती त्यालाच काढू दे, तू स्टुलावर चढू नकोस.

तुमची,
छकुली