भूकंप बँकॉकला झालाच नव्हता

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

म्यानमारच्या भूकंपाची बातमी आपण पहिल्या पानावर दिलीत, पण शीर्षक होतं ‘बँकॉकमध्ये भूकंप’. मी सहा वर्षं बँकॉकला राहते. त्या शुक्रवारी, २८ मार्च २०२५ ला, बाविसाव्या मजल्यावर घरातच होते. ७.७ चा तो भूकंप झाला मंडालेजवळ, सगाईंगला, इथून हजारेक किलोमीटरवर. आमच्यापर्यंत पोचले ते त्याचे हेलकावे. हा नुसता शब्दांचा कीस नाही, म्हणून पत्राचा खटाटोप.

माझं माहेर पाटण तालुक्यातलं. कोयनेकाठी वाढलेल्या माणसाला भूकंपाचं नवल नसतं. जमिनीखालून गुरगुर येते, मांडणीतली भांडी खणखणतात, एक हिसका बसतो आणि लोक अंगणात येईपर्यंत सगळं संपलेलंही असतं. ११ डिसेंबर १९६७ ची, कोयनेच्या मोठ्या भूकंपाची पहाट आजीच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की ती मीच पाहिली असं वाटतं. तिची शिकवण एकच: हिसका बसला की पोरं उचलायची आणि अंगण गाठायचं.

बँकॉकला ना गुरगुर, ना हिसका. रविवारी पाडवा होता. श्रीखंड एक दिवस मुरायला हवं म्हणून शुक्रवारीच चक्का टांगला होता. दुपारी सव्वा वाजून गेल्यावर एकाएकी गरगरायला लागलं. वाटलं, उपाशीपोटी पित्त चढलं असेल. ओट्याला धरून उभी राहिले तर समोर चक्क्याची पुरचुंडी घड्याळाच्या लंबकासारखी संथ झुलत होती. एकही भांडं वाजलं नव्हतं. मग भिंती जुन्या होडीसारख्या करकरू लागल्या, कपाटाची दारं आपोआप उघडमीट करू लागली, आणि समोरच्या इमारतीच्या गच्चीवरच्या तरणतलावाचं पाणी पागोळ्यांसारखं खाली कोसळताना दिसलं. तोवर अर्धा मिनिट तरी गेला होता. आवाज नाही म्हणजे भूकंप नाही, हे माझं कोयनेचं शहाणपण!

पुढची चूक त्याहून मोठी. आजीचं ऐकून मी अंगणाकडे, म्हणजे बावीस मजले जिन्याने खाली धावले, तेही इमारत झुलत असताना. दोनदा कठड्यावर आदळले. माझ्यापुढची एक बाई पडली, तिच्या अंगावर आणखी दोघं. खाली गल्लीत भात-कोंबडी विकणारा गाडीवाला शांत उभा होता. त्याला म्हणे उन्हाने जरा चक्कर आल्यासारखं झालं होतं.

पुण्यातल्या माझ्या स्थापत्य अभियंता भावाने नंतर फोनवर समजावलं. भूकंपाच्या बारीक, झटक्याच्या लाटा थोड्या अंतरात विरतात. संथ, लांब लाटा शेकडो किलोमीटर जातात. बँकॉक वसलंय चाओ फ्राया नदीच्या मऊ गाळावर. तिथे या लाटा विरण्याऐवजी वाढतात, खरवसाची थाळी हलवावी तशा. आणि मजल्यांच्या संख्येला दहाने भागलं की इमारतीचा एक झोका किती सेकंदांचा, याचा ढोबळ अंदाज येतो. आमची तीस मजली, म्हणजे तीन सेकंद. त्या लाटांची लयही साधारण तीच. म्हणून गाडीवाल्याला चक्कर आणि आम्हाला झोपाळा.

हे काही पहिल्यांदा घडलेलं नाही. १९८५ साली भूकंप झाला मेक्सिकोच्या किनाऱ्यावर, हजारो माणसं मेली ती साडेतीनशे किलोमीटरवरच्या, जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेल्या मेक्सिको सिटीत. २००१ च्या भूजच्या भूकंपात दूरच्या अहमदाबादच्या बहुमजली इमारती कोसळल्या. बँकॉकमध्ये मात्र पुरी बांधून झालेली एकही उंच इमारत पडली नाही. पडली ती शहरातल्या चतुचक भागातली, बांधकाम चालू असलेली सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाची. तीच का, याची नंतर चौकशी झाली.

माझी बहीण परळला अडतिसाव्या मजल्यावर राहते. त्या रात्री फोनवर म्हणाली, “ताई, बरं झालं बाई, आपल्याकडे असलं काही नाही.” मुंबई म्हणजे बँकॉक नव्हे, तिचा बराच भाग कातळावर आहे, हे मान्य. पण समुद्रात भर घालून केलेल्या जमिनीवर आणि खाडीच्या गाळावरही तिथे मनोरे उभे राहिले आहेत, आणि भूज मुंबईहून काही हजार किलोमीटर लांब नाही. बहिणीच्या सोसायटीत दरवर्षी आगीचा सराव होतो. त्यात शिकवतात, ताबडतोब जिन्याने खाली या. इमारत झुलत असताना नेमकं तेच करायचं नसतं. भक्कम टेबलाखाली बसायचं, काचा आणि कपाटांपासून लांब राहायचं, झोके थांबले की मगच जिना धरायचा, लिफ्ट नाहीच. आपल्या वृत्तपत्राने एक चौकट एवढ्यासाठी दिली तर सोसायटीच्या फळ्यावर ती लागेल तरी.

आणि शीर्षकाबद्दल. आमच्या इमारतीत झाडलोट करणारी बाई सगाईंगकडची. खाली रस्त्यावर आम्ही सगळे घरी ‘सुखरूप’ कळवत होतो, तेव्हा ती एकच नंबर पुन्हा पुन्हा लावत होती. तिकडे तीन हजारांवर माणसं गेली आणि आपल्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत बँकॉक. तिचा नंबर रविवारी संध्याकाळी लागला. घर पडलंय, माणसं आहेत.

आपली,
एक वाचक, बँकॉक