थारच्या वाळवंटात निघण्याआधी: जुन्या जिप्सी आणि जीपवाल्यांसाठी

मंडळी, निघायला दहाच दिवस उरलेत. रेडिएटरचे होज पाईप, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी नेणाऱ्या रबरी नळ्या, आत्ताच बघून घ्या. मागच्या खेपेला जैसलमेरजवळच्या खुडीच्या वाळूत माझ्या जिप्सीचा खालचा होज गेला. वरून अगदी काळाभोर, चकचकीत. पण क्लॅम्पपाशी अंगठ्याने दाबला तेव्हा आतल्या बाजूला केसाएवढी चीर उघडली. भर दुपारी दोन तास गेले. वीस वर्षांचं रबर नुसतं बघू नका, दाबून बघा. फॅन बेल्ट आणि एक होज जादा ठेवाच. ज्यांच्या जीपला ऑइल बाथ एअर फिल्टर (इंजिनात जाणाऱ्या हवेतली धूळ तेलात अडकवणारा) आहे त्यांनी रोज संध्याकाळी त्याची तेलाची वाटी उघडावी. तळाशी गाळ दिसला की तेल बदलायचं. प्रॉपेलर शाफ्टच्या (चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसला, म्हणजे सांध्याला, ग्रीस.

वाळूत शिरण्याआधी टायरची हवा १५ ते १८ पीएसआयवर आणायची, पुढच्या चाकांचे हब लॉक करून मगच फोर व्हील. डांबरी रस्त्यावर आलो की टू व्हील आणि हवा पूर्ववत, म्हणून पंप हवाच. टेकाडावर सरळ चढा, सरळ उतरा. आडवी गाडी उलटते. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की अ‍ॅक्सिलरेटर सोडा, आपल्याच चाकोरीतून मागे या. दोर बंपरला कुणीही बांधू नये, चासीच्या हुकालाच.

माणशी रोज पाच लिटर पाणी, रेडिएटरचं वेगळं. राष्ट्रीय मरू उद्यानात परवानगीशिवाय एकही गाडी जाणार नाही. तिथे माळढोक आहे. रविवारपर्यंत तपासणी झाल्याचं कळवा.